फेरीला गेलेले बूट

प्रिय ईशान आणि मीरा,

फोटोत दिसतंय ते खरं आहे. माझ्या दोन पायांत दोन वेगळे बूट आहेत.

मीराने विचारलंय, "आजी, तिकडे आता अशी फॅशन आहे का?" फॅशन नाही. हे पत्र मी आत्ताच लिहायला बसले, कारण आजोबांच्या बहिणीने, म्हणजे तुमच्या कुसुमआजीने, ही गोष्ट फोनवरून नातेवाइकांना सांगायला सुरुवात केली आहे. ती त्या वेळी तिथे नव्हती. तरीही तिच्या गोष्टीत मी एका गटारात पडले आहे. मी गटारात पडले नाही. तेव्हा तिची गोष्ट टोरांटोला पोहोचायच्या आत खरी हकीकत तुमच्या हातात असावी. ईशान मराठी हळू वाचतो, म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

सुरुवात माझ्या टाचांपासून झाली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं, की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. बोर्लीच्या डॉक्टरांनी माझे पाय दाबून पाहिले, मग माझ्या चपला उचलून उलटसुलट पाहिल्या आणि सगळा दोष चपलांना दिला. "ह्या सपाट चपला बंद. मऊ तळाचे, टाचेला आधार देणारे चांगले बूट घ्या."

हे मी तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, मग विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवतो."

व्हीलचेअर! मी पहिल्यांदा तुमच्याकडे येणार, तुम्ही दोघं पलीकडे हात हलवत उभे असणार, आणि मी मांडीवर पर्स धरून सामानासारखी ढकलली जात येणार. (मागे तुमचे आजोबा ढकलणाऱ्याला वाडीतल्या नारळांची माहिती देत असणार, हेही मला स्पष्ट दिसलं.)

"मी चालत येणार," मी म्हटलं.

"आई, तिकडे फार चालावं लागतं."

"मग बूट घेते."

"चालून दाखव, मग ठरवू," तो म्हणाला. स्वतःच्या आईची परीक्षा घ्यायची पद्धत तो कुठे शिकला, ते मला विचारू नका.

बूट घ्यायचे म्हणजे म्हसळ्याला, अब्बासभाईंकडे. आजोबांचे लग्नातले बूट अब्बासभाईंच्या वडिलांनी दिले होते आणि तुमच्या बाबाचे शाळेचे काळे बूट खुद्द अब्बासभाईंनी. दुकान बाजारपेठेत, एसटी स्टँडकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. आत छतापर्यंत खोकी आणि कातड्याचा वास. समोर उतरत्या फळीचं एक बुटकं स्टूल, त्यावर पाय ठेवला की आपण कितीही शिकलेले असलो तरी दुसरीतल्या मुलासारखे वाटायला लागतो.

ह्या दुकानाचा एक नियम आहे, तो ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. अब्बासभाई बसल्या बसल्या कुणाला बूट विकत नाहीत. नवे बूट पायात घालायचे, स्टँडपर्यंत उतरायचं, तिथून चढून परत यायचं आणि मग बोलायचं. ह्याला 'फेरी' म्हणतात. तोपर्यंत आपल्या जुन्या चपला दुकानात राहतात. कुणी पक्कं ठरवून आलं असलं, घाईत असलं, तरी सुटका नाही. एकदा एक नवरदेव हळदीच्या अंगाने फेरी मारून आला होता, असं अब्बासभाई सांगतात.

मी स्टुलावर पाय ठेवला. अब्बासभाईंनी टाच अंगठ्याने दाबली. मी ओरडले नाही, पण खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तकलीफ हाय बाई," ते म्हणाले आणि शिडीवर चढले.

त्यांनी दोन खोकी खाली आणली. पहिल्यात एक अतिशय सभ्य बूट होता. तपकिरी, साधा, बाजूला छोटं बक्कल. कुठल्याही साडीवर, कुठल्याही कार्यक्रमाला चालेल असा. दुसऱ्यात जे होतं त्याला काय म्हणावं मला कळेना. राखाडी रंग, फुगलेला तळ, आणि तो तळ पोपटी. नुसता हिरवा नव्हे, कैरीच्या सालीवर दिवा लावल्यासारखा. बाजूला पोपटी पट्टे, नाडीही पोपटी.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी. टाचेला ह्यासारखा दुसरा नाय."

"अब्बासभाई, मी निवृत्त शिक्षिका आहे."

"मग? निवृत्त झालात तर चालायचं नाय काय?"

"मला तपकिरी द्या."

"तपकिरी देतो. पण टाच रडंल, मग माझ्याकडं येऊ नका."

तेवढ्यात आजोबांनी तोंड घातलं. ते फक्त पिशवी धरायला आले होते, पण समोर इतके बूट पाहून त्यांनाही पाय असल्याची आठवण झाली होती. वादळात वाडी पडल्यावर नव्याने लावलेल्या पोफळींमध्ये दिवसभर अनवाणी फिरून त्यांच्या पायांचा आकार पंख्यासारखा झाला आहे. त्यांना बूट मिळणं अवघड, आवडणं सोपं. एका हातात काळा आणि एका हातात बदामी बूट घेऊन ते बराच वेळ उभे होते.

"अगं, भांडता कशाला? एका पायात हा घाल, एका पायात तो. एकाच फेरीत दोन्ही कळतील."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण विचार केला, योजना तशी व्यवस्थित आहे. एकच रस्ता, एकच चाल, दोन बूट. विज्ञानाचे सर प्रयोगात हेच करायचे. शिवाय साडी पावलापर्यंत येते, कोण बघणार?

तर डाव्या पायात तपकिरी आणि उजव्या पायात पोपटी घालून मी निघाले. शेजारी तुमचे आजोबा, एका पायात काळा आणि एका पायात बदामी. अब्बासभाईंनी आमच्या उरलेल्या बुटांची खोकी गल्ल्यापाशी ठेवली आणि म्हणाले, "सावकाश या. घाई नाय."

आम्ही अर्ध्या उतारावर होतो, तेव्हा मागून हाक आली.

"बाई! कुलकर्णीबाई!"

शिक्षकाला बाजारात हाक आली की पाय आपोआप थांबतात. वळून पाहिलं तर झेंडूच्या तोरणाखाली रेशमी साडीत उभी एक मुलगी. स्नेहल. माझी विद्यार्थिनी. आता डॉक्टर स्नेहल, दातांची. तिच्या नव्या दवाखान्याचं त्या दिवशी उद्घाटन होतं. बाहेर मांडव, खुर्च्या, पेढ्यांची ताटं, दारावर लाल फीत.

"बाई, देवासारख्या आलात. प्रमुख पाहुणे माणगावच्या पुढे अडकलेत. गुरुजी म्हणतात मुहूर्त टळतोय. फीत तुम्हीच कापा."

"अगं, मी जरा कामात आहे."

"कसलं काम?"

आता काय सांगणार? "फेरीवर आहे" म्हटलं असतं तर म्हसळ्यात सगळ्यांना कळलं असतं आणि सगळ्यांनी आधी पायांकडे पाहिलं असतं. ही मुलगी तर नक्कीच. दर सोमवारी प्रार्थनेला मी बूट आणि मोजे तपासायची. एकदा स्नेहल एक पांढरा आणि एक करडा मोजा घालून आली होती, तेव्हा मी तिला रांगेबाहेर उभं करून 'पेअर', म्हणजे जोडी, ह्या इंग्रजी शब्दावर पाच वाक्यं लिहायला लावली होती. ती मुलगी आता माझ्या हातात कात्री देत होती.

मी फीत कापली. साडी जितकी खाली ओढता येईल तितकी ओढली होती. पण कात्री दोन्ही हातांनी धरावी लागली, साडी हातातून सुटून वर सरकली, आणि त्याच क्षणी फोटो निघाला. तुम्ही पाहिलात तो हाच. पोपटी बुटाला दोऱ्याने लटकलेली किमतीची चिठ्ठीही त्यात दिसते, हे ईशानने मोठं करून पाहिलं नसेल तर आता पाहीलच.

तरी त्या वेळी कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. आता दोन पेढे खाऊन सटकायचं, असा माझा बेत होता. पण आत गणपतीची पूजा मांडलेली. म्हणजे पादत्राणं बाहेर.

इथे माझ्या हातून जे झालं त्याला मी चूक म्हणणार नाही, सवय म्हणेन. दाराबाहेर चपलांचा नुसता ढीग पडला होता. मला ढीग बघवत नाही. मी माझे बूट भिंतीला लावून, टाचा जुळवून, नीट ठेवले. आजोबांनी स्वतःचे दोन बूट दोन दिशांना भिरकावले होते, तेही शोधून आणले आणि माझ्या बुटांशेजारी लावले. एक तपकिरी, एक पोपटी, एक काळा, एक बदामी. कवायतीला उभे केल्यासारखे. अख्ख्या मांडवात नीट लावलेली एवढीच एक ओळ होती.

अशी ओळ नजरेत भरणारच. ती भरली स्नेहलच्या सासऱ्यांच्या.

मधुकरराव हे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. त्या दिवशी बऱ्याच काळाने त्यांच्या हाती माईक आला होता आणि पुकारण्यासारखं काही घडत नसल्यामुळे ते अस्वस्थ होते. आरती संपली आणि बाहेरून त्यांचा आवाज आला.

"प्रवाशांनी, माफ करा, पाहुण्यांनी इकडे लक्ष द्यावे. दरवाजासमोर भिंतीलगत चार बूट उभे आहेत. चारही एकेकटे आहेत. म्हणजे चार पाहुणे चुकीचा एकेक बूट घालून निघून गेले आहेत, किंवा निघण्याच्या तयारीत आहेत. कृपया पाय तपासून घ्यावेत."

मी हातातला पेढा तसाच ताटात ठेवला.

"अगं, सांगून टाकू," आजोबा कुजबुजले.

"गप्प बसा."

"त्यात काय एवढं? आपलेच तर आहेत."

"आपले नाहीत. अब्बासभाईंचे आहेत. आणि ही सगळी माझी मुलं आहेत. ह्यांना मी जोड्या जुळवायला शिकवलंय."

आजोबा गप्प बसले. पण त्यांचं गप्प बसणं दुरूनही दिसतं. खांदे हलत असतात.

एव्हाना बाहेर खळबळ उडाली होती. मधुकररावांनी इतक्या अधिकाराने सांगितलं होतं, की लोकांना आपापल्या पायांचा संशय यायला लागला.

"माझा डावा जरा सैलच वाटतोय हो," एक गृहस्थ म्हणाले.

"मग हा माझा तुम्ही घातला असणार. बघू."

"तुमचा काळा होता ना?"

"काळाच होता. पण एवढा नवा नव्हता."

दोघांनी एकेक बूट बदलला, चालून पाहिलं आणि दोघांनाही तो आधीच्यापेक्षा बरा वाटला. मग आणखी दोघांनी बदलले. एका बाईंनी घातलेली सँडल काढून "ही माझी नव्हेच" म्हणून ठामपणे दुसरीकडे ठेवली आणि थोड्या वेळाने "माझी सँडल गेली" म्हणून ओरडायला लागल्या. मघापर्यंत तिथे चारच बूट विजोड होते, तेही खोटे. आता खरोखरीचे कितीतरी झाले होते.

"पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही जागा सोडू नये," मधुकररावांनी पुकारलं. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी दारात अनवाणी उभी होते आणि माझ्या मते अजिबात दिसत नव्हते.

"कुलकर्णीबाई इथे आहेत. शिस्तीचं दुसरं नाव! बाई, तुम्हीच आता ह्याचा उलगडा करा." आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, की आधी पेढे वाटा, मग बघू. तेच म्हणणार होते. पण हातात माईक, समोर गोंधळ आणि गोंधळात माझे अर्धे विद्यार्थी. तोंडातून आपोआप जुनं वाक्य बाहेर पडलं.

"बोलणं बंद. सगळ्यांनी पायातलं काढा. आता प्रत्येकाने आपापली जोडी उचला आणि जोडीशेजारी एका ओळीत उभे राहा."

सांगायला हरकत नाही, पद्धत अचूक होती. सैल डावा परत गेला, नवा काळा परत आला, बाईंची सँडलही मिळाली. एकेक जण आपली जोडी उचलून ओळीत लागला. मोठमोठी माणसं, कुणी टक्कल पडलेली, कुणी नातवंडं कडेवर घेतलेली, पण बूट समोर ठेवून ताठ उभी. मला क्षणभर फार समाधान वाटलं.

मग ओळ पूर्ण झाली. सगळ्यांना जोड्या मिळाल्या. भिंतीशी ते चार बूट तसेच उरले. आणि ओळीबाहेर, जोडीशिवाय, दोनच माणसं उरली. एकाचे खांदे हलत होते. दुसरीच्या हातात माईक होता.

मुलं हिशेब करताना बोटांकडे बघतात तसे सगळे एकदा बुटांकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होते.

तेवढ्यात उतारावरून अब्बासभाई आले. फेरीला गेलेली माणसं परत येईनात, म्हणून दुकान मुलावर सोपवून बघायला निघाले होते. त्यांनी मांडव पाहिला, अनवाणी उभी ओळ पाहिली, भिंतीशी आपले चार बूट पाहिले. त्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. ते सरळ माझ्याजवळ आले आणि माझ्या हातातल्या माईकच्या इतक्या जवळून बोलले, की थेट स्टँडवर ऐकू गेलं.

"काय बाई, कुठला बरा वाटला? डावा की उजवा?"

आधी स्नेहल हसली. तोंडावर हात धरून, भिंतीला टेकून. मग ओळ हसली. मधुकररावांनी माझ्याकडून माईक परत घेतला, पण पुकारता येईना.

"बाई," डोळे पुसत स्नेहल म्हणाली, "रांगेबाहेर उभ्या आहात. पाच वाक्यं?"

"लिहून आणते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ते राहू दे," अब्बासभाई म्हणाले. त्यांना गिऱ्हाइकाच्या लाजेशी काही देणंघेणं नसतं. "टाचेचं बोला. तपकिरी की पोपटी?"

आणि मुलांनो, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की टाचेचं बोलण्यासारखं बरंच होतं. उतार उतरताना, फीत कापायला उभी असताना, डावी टाच सारखी ठणकत होती. उजव्या टाचेने एकदाही तक्रार केली नव्हती. इतकी गप्प होती, की मला उजवा पाय आहे हेच मी विसरले होते. सभ्य बूट दुखत होता आणि तो दिवा लावलेला सुखात होता.

'तपकिरी' म्हटलं असतं तर माझी उरलेली थोडीफार अब्रू वाचली असती. अख्खा मांडव कान लावून उभा होता. मला तुम्ही दिसलात, पलीकडे हात हलवताना. आणि खुर्ची दिसली, चाकांची.

"पोपटी," मी म्हटलं.

अब्बासभाईंनी मान हलवली. "मघाशीच सांगितलं होतं. पण आता फेरी पुरी करा. वर चढून दुकानात यायचं हाय."

मी तो चढ पोपटी बुटाच्या जिवावर चढले. दुसऱ्या पायात तपकिरीच होता, पण आता लपवायचं काही उरलं नसल्यामुळे साडी ओढायची गरज पडली नाही. मागून टाळ्या आल्या. आजोबांना काळा आणि बदामी दोन्ही इतके आवडले होते, की शेवटी त्यांनी एकही घेतला नाही आणि आपल्या जुन्याच रबरी चपला घालून घरी आले.

मी आता रोज सकाळी पोपटी जोडी घालून दिवेआगरच्या किनाऱ्यावर शेवटच्या सुरूच्या झाडापर्यंत चालत जाते आणि चालत येते. ओल्या वाळूवर तळाची नक्षी उमटते, ती मला मागे वळून बघायला आवडते. तुमच्या बाबाला व्हिडिओ पाठवला आहे. त्याने पास केलं. विमानतळावर मला शोधायची काळजी करू नका, माझ्या आधी माझे पाय दिसतील.

बाकी सगळं जागच्या जागी आहे. माझ्या जुन्या चपला त्या गडबडीत दुकानातच राहिल्या, त्या गल्ल्याखाली आहेत. दुकान आहे, उतरत्या फळीचं स्टूल आहे. फेरीचा नियमही आहे, फक्त आता गिऱ्हाइकाला फेरीला सोडताना अब्बासभाई एक वाक्य जास्त बोलतात, "आणि वाटेत फीत कापायची नाय."

तुमची,
आजी